विकास आराखड्यात आपले गाव कोठे आहे?

गावातील रस्ता रुंद होणार, मैदानावर इमारत उभी राहणार किंवा जुनी विहीर बुजवली जाणार, अशी वार्ता कानी येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. कारण त्या कामाची रेषा काही वर्षांपूर्वीच नकाशावर आखली गेलेली असते. त्या वेळी कायद्याने रहिवाशांना बोलण्याची संधी दिलेली होती, मात्र ती अनेकांच्या ध्यानी आलेली नसते. ही संधी कोणती आणि तिचा उपयोग कसा करावा, हे प्रत्येक गावकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

आराखडा कसा आकार घेतो?

महाराष्ट्रात नगरनियोजनाचा आधार म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्यानुसार नगरपालिका वा महानगरपालिकेने आपल्या हद्दीचा विकास आराखडा तयार करायचा असतो आणि साधारण २० वर्षांनी त्याचे पुनर्विलोकन करायचे असते. प्रथम विद्यमान भूवापराचा नकाशा तयार होतो. म्हणजे आज कोठे घरे आहेत, कोठे शेती, कोठे शाळा, कोठे तळे, याची नोंद होते. त्यावर पुढील काळातील रस्ते, रुग्णालये, बगीचे, बाजार यांची आरक्षणे दाखवली जातात. पहिल्याच नकाशात बावखळाच्या जागी मोकळी जमीन दाखवली गेली, तर त्यावर पुढे काहीही आखता येते.

हा प्रारूप आराखडा राजपत्रात व वृत्तपत्रांत सूचना देऊन प्रसिद्ध केला जातो आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. आलेल्या हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना वा पर्यावरणाचे जाणकार असतात. शेवटी राज्य शासन आराखड्यास मंजुरी देते. त्यानंतर बदल करणे शक्य असले तरी त्यासाठी पुन्हा सूचना, हरकती व शासनमान्यता अशी दीर्घ वाट चालावी लागते.

मुंबईचा धडा

रहिवाशांनी जागरूकता दाखवली तर काय घडते, याचे उदाहरण मुंबईत आहे. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचे प्रारूप महानगरपालिकेने फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. लोकांनी आपापल्या विभागाचे नकाशे बारकाईने पाहिले, तेव्हा अनेक चुका उघड झाल्या. काही ठिकाणी उभ्या इमारतींवरून रस्ते नेलेले होते आणि वारसा वास्तूंच्या नोंदींत दोष होते. रेल्वे स्थानकांनजीकच्या काही भागांत ८ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक प्रस्तावित केल्यानेही चिंता वाढली. गावठाणे व कोळीवाडे यांच्या सीमा नकाशावर स्पष्ट दाखवाव्यात, अशी मागणी तेथील मूळ रहिवाशांनी लावून धरली.

पाहता पाहता ६०,००० हून अधिक हरकती दाखल झाल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने तयार करण्याचे आदेश दिले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, पुन्हा हरकती घेतल्या गेल्या आणि शासनाच्या मंजुरीनंतर १ सप्टेंबर २०१८ पासून आराखडा अमलात आला. सर्वांच्या सर्व मागण्या मान्य झाल्या असे नव्हे. तथापि, कागदावरील रेषा पुसता येते, हे मात्र सिद्ध झाले.

गावठाणाच्या सीमेचा आग्रह अकारण नव्हता. अरुंद पाखाड्या, एकमेकांस लागून असलेली घरे, चौकातील क्रूस, सामाईक विहीर ही गावठाणाची ओळख होय. नकाशावर ती उमटली नाही, तर शतकांची जुनी वस्ती निव्वळ दाटीची वस्ती ठरण्याचा धोका असतो. वसईतही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनामागे जमीन, पाणी व हिरवाई यांच्या भवितव्याचाच प्रश्न होता.

हरकत कशी लिहावी?

‘आमचा आराखड्यास विरोध आहे’ एवढेच लिहून भागत नाही. गावाचे नाव, सर्व्हे क्रमांक वा नगर भूमापन क्रमांक द्यावा. नकाशात काय दाखवले आहे, प्रत्यक्षात तेथे काय आहे आणि कोणता बदल हवा, हे तीन मुद्दे स्वतंत्रपणे मांडावेत. सातबारा उतारा, मिळकत पत्रिका व छायाचित्रे जोडावीत. मुदतीच्या आत अर्ज देऊन पोच घ्यावी आणि सुनावणीची मागणी करावी. सुनावणीस उपस्थित राहणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

मंजुरीनंतरही सावध राहावे लागते. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. मालकावरील अन्याय टाळण्यासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु प्रशासन निद्रिस्त राहिले, तर मुलांचे मैदान याच वाटेने हातचे जाते. म्हणून आपल्या गावातील आरक्षणांची यादी व त्यांच्या मुदती गावाने स्वतःजवळ ठेवाव्यात.

रस्ता कोणाच्या तरी अंगणातून जाणारच आणि रुग्णालयासही जागा लागणारच. प्रत्येक रेषेला विरोध करणे म्हणजे सहभाग नव्हे. कोणाचे किती जाते आणि गावाला काय मिळते, याचा विचार एकत्र बसून करणे हाच खरा सहभाग. त्यासाठी आराखड्याची सूचना प्रसिद्ध होताच आपल्या गावाचा नकाशा मिळवावा, आळीतील वडीलधाऱ्यांना व तरुणांना तो दाखवावा आणि मुदत संपण्यापूर्वी आपले म्हणणे लेखी नोंदवावे.