तक्रार आणि हरकत

अमेरिकेतल्या फिनिक्स विमानतळावरून उडणाऱ्या विमानांचे मार्ग सप्टेंबर 2014 मध्ये एकाएकी बदलले. उपग्रहाच्या आधाराने आखलेल्या नव्या मार्गांमुळे वेळ आणि इंधन वाचणार होते, पण आधी फाकून जाणारी विमाने आता अरुंद पट्ट्यातून जुन्या वस्त्यांच्या डोक्यावरून जाऊ लागली. आदल्या अख्ख्या वर्षात आल्या नव्हत्या इतक्या तक्रारी पहिल्याच आठवड्यात आल्या. हवाई वाहतूक नियंत्रित करणाऱ्या ‘एफएए’ने शहराच्या बाजूने फक्त विमान खात्यातल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांना विचारले होते. रहिवाशांना याचा पत्ताच नव्हता. शहर आणि वस्त्या न्यायालयात गेल्या तेव्हा दाव्याची 60 दिवसांची मुदत टळून गेलेली होती. पण ‘बघतो, करतो’ म्हणत त्यांना थांबवून ठेवले होते ते एफएएनेच, म्हणून न्यायालयाने उशीर माफ केला आणि ऑगस्ट 2017 मध्ये नव्या मार्गांची मंजुरी मनमानी ठरवून रद्द केली.

तक्रार गोंगाट सुरू झाल्यावर होते. हरकत निर्णयाआधी नोंदवली जाते, आणि खरे वजन तिला असते. तिकडच्या कायद्यानुसार नियम करताना आलेल्या महत्त्वाच्या हरकतींना उत्तर द्यावे लागते, आणि ते टाळल्यास न्यायालय जाब विचारू शकते. म्हणून ‘आवाज असह्य आहे’ या वाक्यापेक्षा कोणत्या वेळी, किती विमाने, कोणत्या शाळेवरून जातात हे लिहिणारे पत्र अधिक अडचणीचे ठरते. आपल्याकडेही 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार होणाऱ्या जनसुनावणीला किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते. त्या दिवसांत अहवाल किती जण वाचतात, हा प्रश्न वेगळा.

‘तांत्रिक विषयात सामान्यांना काय कळते?’ हा आक्षेप नेहमीचा. एफएए वर्षभराच्या आवाजाची सरासरी काढते, रात्रीच्या विमानांना 10 डेसिबलचा जादा भार लावते आणि 65 हा आकडा निर्णायक मानते. सरासरीने मात्र झोप मोडत नाही. ती मोडते एकेका विमानाने. एफएएनेच 20 विमानतळांभोवती घेतलेल्या आणि 2021 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत 65 च्या पातळीवर सुमारे दोनतृतीयांश लोक अत्यंत त्रस्त निघाले. जुन्या सूत्राप्रमाणे ते प्रमाण 12 टक्क्यांच्या आसपास असायला हवे होते. म्हणजे चुकले होते तज्ज्ञांचे सूत्र. पुढे 2023 मध्ये एफएएने आवाज मोजण्याच्या या धोरणावरच हरकती-सूचना मागवल्या.

‘विमानतळाशेजारी घर घेतलेच कशाला?’ हा सवाल काही ठिकाणी रास्त असेल. फिनिक्समध्ये तो गैरलागू होता, कारण घरे आधीची आणि मार्ग नंतरचे. याहून जड आक्षेप निराळा आहे. शिकल्या-सवरलेल्यांची वस्ती सविस्तर हरकती लिहिते आणि विमाने गरिबांच्या छपरांवर ढकलली जातात. हे होऊ शकते, हे मान्यच करायला हवे. हरकती मतांसारख्या मोजल्या तर तसेच होईल. अमेरिकेतल्याच सॅन होजे शहराच्या पूर्व भागात याला एक उत्तर सापडते: पुरावा स्थानिक प्रशासनानेच गोळा करावा. तिथल्या लहान विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचा अभ्यास सांता क्लारा काउंटीनेच करवून 2021 मध्ये प्रसिद्ध केला. पिस्टन इंजिनांच्या विमानांना लागणाऱ्या पेट्रोलमध्ये सहसा शिसे असते, आणि विमानतळाच्या जवळ राहणाऱ्या मुलांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. काउंटीने 2022 पासून आपल्या विमानतळांवर हे इंधन विकणे थांबवले. देशपातळीवर मात्र एका पर्यावरण संघटनेने 2006 मध्ये केलेल्या अर्जानंतर, हरकती-सूचना मागवून, हे शिसे आरोग्याला घातक असल्याचा निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने काढला तो ऑक्टोबर 2023 मध्ये. त्या निष्कर्षाने इंधनावर बंदी येत नाही. त्यासाठी वेगळे नियम करावे लागतात, आणि त्यांच्या मसुद्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.