शिवारातली हजेरी

सकाळी 6:15. सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजच्या फाट्याला चहा घेऊन आम्ही दोघे आत वळतो. काम साधे आहे. ठरलेल्या प्रत्येक जागी दहा मिनिटे गप्प उभे राहायचे, दिसतील आणि ऐकू येतील ते पक्षी वहीत टिपायचे आणि शेजारच्या रकान्यात पीक लिहायचे. अभयारण्याच्या कुंपणाशी आमचा संबंध नाही, सगळ्या जागा शेतकऱ्यांच्या रानातल्या.

अभयारण्य मात्र इथल्या प्रत्येक बोलण्यात येते. 1979 साली माळढोकासाठी ते जाहीर झाले तेव्हा कागदावर त्याचा पसारा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे गावेच्या गावे आत. पुढे ते सुमारे 1,222 वर आणले. कागद आक्रसला त्याआधीच माळढोक दिसेनासा होत चालला होता. हा पक्षी नुसत्या गवताचा नव्हे. अंडे गवतात घालायचे आणि चरायला ज्वारी, हरभरा, भुईमुगाच्या रानात उतरायचे, असा त्याचा संसार. कोरडवाहू शेतकरी आणि माळढोक एकाच रानावर जगत होते.

6:50. गवताळ पट्ट्यातून भोवत्ये उठू लागतात. मध्य आशियातून आलेले हे शिकारी पक्षी रात्र झाडावर नाही, जमिनीवर गवतात काढतात. दिवसभर शेतांवरून खालून-खालून फिरत नाकतोडे आणि उंदीर धरतात. म्हणजे यांना निजायला माळ हवा आणि जेवायला शेत. दोहोंपैकी एक गेले की मुक्काम उठला.

7:20. मालदांडी ज्वारीचे रान. कणसे दुधात आहेत, हुरड्याचे दिवस. रानाचे मालक तात्या माळ्यावर उभे, हातात गोफण. भोरड्यांचा थवा बाभळीवरून उठतो, हवेत वळतो आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. तात्या तिकडे धोंडा भिरकावतात.

"सर, मोजून काय करता? जाताना घिऊन जावा की सगळ्या."

हसतो, पण त्यांची तक्रार खोटी नाही. भोरड्या नाकतोडेही भरपूर खातात, हे पक्षिप्रेमींचे लाडके वाक्य मी तात्यांना ऐकवत नाही. कणीस फुटताना समोर दिसत असते, खाल्लेला नाकतोडा कुणाला दिसत नाही.

ज्वारीतल्या दहा मिनिटांत पेन थांबत नाही. चंडोल, डोंबारी, वटवट्या, मुनिया, बांधावरच्या बोरीवर खाटीक, विजेच्या तारेवर नीलपंख. त्याच्या नावापुढे मी खूण करतो. देशभरातल्या नोंदींवर उभ्या असलेल्या 2023 च्या भारतीय पक्षीस्थितीच्या अहवालात नीलपंखाची घट ठळकपणे मांडली आहे. मोकळ्या रानाचे पक्षी जंगलातल्यांपेक्षा वेगाने कमी होतात, हे आपल्याकडे अजून पचलेले नाही. पक्षी म्हटले की झाडे लावायला निघतात, माळावरसुद्धा!

8:40. हरभरा. इथे मी दहा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळतो. पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळायची, ही कृषी खात्याचीही शिफारस. हरभरा गुडघ्याखाली राहतो आणि मधूनमधून ज्वारीची ताटे उभी. एका ताटावर कोतवाल बसला आहे, त्याच्या वजनाने ताट झुलते आहे. खाली घाटे अळीने डोके घाट्यात खुपसले आहे आणि उरलेली हिरवट पाठ बाहेर. कोतवाल सरळ खाली येतो, अळी उपसून वर नेतो, ताटावर दोनदा आपटतो आणि गिळतो. चोच पुसतो, पुन्हा खाली बघतो. फवारणीची पाळी एखादी कमी होते, असे शेतमालक सांगतो. ज्याने ज्वारी मिसळली नाही त्याने काठीवर आडवी काठी बांधून पक्षिथांबा केला तरी चालते.

9:30. पाण्यावर पखुर्ड्या येण्याची वेळ. पूर्वी ओढ्याच्या उतरत्या काठावर त्या उतरत. ओढा आता खोल केलेला, काठ उभे. शेजारी शेततळे आहे, पण त्याला प्लॅस्टिकचा कागद. थवा दोन घिरट्या घालून निघून जातो. पखुर्डीचा नर पोटाची पिसे भिजवून पिलांना पाणी नेतो. घसरत्या कागदावर ते कसे जमावे? पाणी वाढले आणि पाखराला मिळेनासे झाले.

10:30. ऊस. वटवट्या, भारद्वाजाचा हुंकार. संपले.

पुढची द्राक्षबाग जाळीखाली आहे. सोनाका ही जात याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी काढलेली. गावाला तिचा अभिमान आहे आणि असावा. आम्ही जाळीबाहेरचे बुलबुल लिहून निघतो.

दुपारी 1. तात्यांच्या लिंबाखाली भाकरी, शेंगाची चटणी. ज्वारीचे गणित ते बोटांवर मांडतात. राखण स्वतःची, काढणीला बाई-माणूस मिळत नाही, उपटून-उपटून हात सोलतात आणि शेवटी कडब्याचेच काय ते पैसे. उसाला पाणी दिले की राखणीची भानगड नाही, तोडायला टोळी येते. 1980 ला उजनी धरण झाल्यापासून जिल्ह्यात पाणी जिथे पोचले तिथे ऊस उभा राहिला. यात शेतकऱ्याला दोष देणाऱ्याने एक हंगाम माळ्यावर उभे राहून दाखवावे.

3:45. जेसीबीचा आवाज. दोन भाऊ मधला बांध काढून तुकडे एक करताहेत. मागोमाग गायबगळे आणि साळुंक्या उघड्या पडलेल्या किड्यांवर तुटून पडल्यात. आजच्या वहीत ही जागा समृद्ध दिसेल. उद्या खाटकाची बोर नसेल, तित्तराची झुडपे नसतील. पलीकडचा मुरमाड तुकडाही सपाट होणार. सातबाऱ्यावर तो पोटखराबा. उन्हाळ्यात माळटिटवी आणि धाविक अशाच उघड्या जमिनीवर अंडी घालतात.

रात्री 8. नोंदी संगणकात भरताना तात्यांचा फोन. पाइपलाइन मंजूर झाली, पुढच्या साली ऊस. आवाजात आनंद आहे, मीही अभिनंदन करतो. मग आमच्या दोघांत वाद. सहकारी म्हणतो, ती जागा सोडून दुसरे ज्वारीचे रान धरू. मला ते पटत नाही. आपण ज्वारीच्या मागे सरकत राहिलो तर वहीत पक्षी भरलेलेच राहतील आणि शिवारात काय बदलले ते कधीच उमटणार नाही. जागा तीच ठेवायची. डोक्यावर गेलेल्या उसात उभे राहून दिसणार काय, हा त्याचा मुद्दा मात्र खरा. शिडी लागेल.