साप माणसाळतो का?

मांजराच्या पिलाला कोपऱ्यात गाठले तर ते काय करते? पाठीची कमान करते, केस पिंजारते, फिसकारते आणि तरीही तुम्ही हात पुढे केलात तर ओरबाडते. ते घाबरले आहे हे तुम्हाला लगेच कळते. साप फुत्कारला, की मात्र तो ‘चिडला’, त्याने ‘डूख धरला’ असे आपण म्हणतो. वास्तविक दोघांची स्थिती एकच असते.

अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलीत कॉटनमाउथ नावाचा विषारी साप राहतो. तो माणसाच्या अंगावर धावून येतो अशी त्याची ख्याती. गिबन्स आणि डोर्कस या शास्त्रज्ञांनी ती पारखून पाहिली. रानात दिसलेल्या सापांच्या शेजारी त्यांनी बूट टेकवला, काहींच्या अंगावर हलकेच पाय ठेवला आणि काहींना चिमट्यावर बसवलेल्या कृत्रिम हाताने चक्क उचलले. २००२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष पाहा : उचललेल्या ३६ सापांपैकी त्या हाताला चावले फक्त १३. बाकीच्यांनी पळायचा प्रयत्न केला किंवा नुसते भिववले. चावा हे सापाचे शेवटचे शस्त्र आहे.

आता एका बिनविषारी सापाकडे वळू. कॉर्न स्नेक, म्हणजे मक्याचा साप, हाही मूळचा अमेरिकेचाच. पूर्ण वाढल्यावर तो तीन ते पाच फूट भरतो आणि उंदरांवर जगतो. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये तो कित्येक पिढ्या बंदिवासात वाढवला गेला आहे. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला साप पकडणे व पाळणे हा गुन्हा ठरवला आहे. तेव्हा पुढचे वाचून अंगणातल्या धामणीला हात लावू नका! धामण बिनविषारी असली तरी ती कडकडून चावते, आणि ती धामणच आहे हे ओळखण्यात चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते.

समजा, लंडनमधल्या तुमच्याच वयाच्या एका मुलीने मक्याच्या सापाचे पिलू आणले. ते जेमतेम फूटभर लांब, पेन्सिलीएवढे बारीक. पेटीचे झाकण उघडताच ते मानेचे वळसे घालून इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे होते, शेपटीचे टोक थरथरवते आणि हातावर झेप घेते. तिला वाटते, आपल्या वाट्याला तापट साप आला. पण त्या पिलाच्या बाजूने विचार करा. रानात त्याला ससाणा खातो, रॅकून खातो, मोठे सापही खातात. वरून येणारी मोठी, उबदार वस्तू म्हणजे मृत्यू, एवढेच त्याच्या मेंदूला ठाऊक असते. जे पिलू या सावलीला भ्याले नाही त्याचा वंश पुढे चालला नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती हाताची नव्हे, पेटीची करायची. सापाच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते. अन्न पचवायला त्याला ऊब लागते, आणि फार तापले तर गारव्यात सरकावे लागते. पेटीचे एक टोक सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरे २२ ते २४ अंश ठेवतात. तापकाला थर्मोस्टॅट जोडलेला हवा, नाहीतर साप भाजतो. लपायला खोपा मात्र एकच ठेवला तर? तो गार टोकाला असेल तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांपैकी एकच काहीतरी मिळेल. बहुधा तो लपून राहील आणि त्याचे अन्न पोटात नीट पचणार नाही. किंवा उबेला उघड्यावर पडून राहील आणि दर सावलीला दचकेल. खोपे दोन्ही टोकांना हवेत, तेही इतके अरुंद की अंग भिंतींना टेकावे. उरलेल्या जागेत सालपटे आणि पालापाचोळा भरायचा. मोठी, रिकामी, चारही बाजूंनी काचेची पेटी आपल्याला प्रशस्त वाटते. सापाला ती उघडे मैदान वाटते. सापाला बाहेरचा कान नसतो, पण जमिनीचा हादरा त्याला चटकन जाणवतो. सतत आपटणाऱ्या दारापाशी पेटी ठेवून साप शांत होण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.

नवीन पिलाला निदान आठवडाभर हात लावायचा नाही. ते खाऊ लागले, की मग सुरुवात. आणि इथे एक गंमत आहे. मुलीने हात घातला, पिलू झेपावले, तिने दचकून हात मागे घेतला, तर पिलू काय शिकले? झेपावले की संकट टळते! उद्या ते आणखी लवकर झेपावेल. पिलाचा चावा म्हणजे बारीक ओरखडा. साबणाने धुतला की झाले. तेव्हा हात बाजूने, सावकाश, पण न अडखळता न्यायचा, शरीराच्या मध्याखाली सरकवायचा आणि पिलाला हातावरून हातावर चालू द्यायचे. मान आवळायची नाही. पाच मिनिटे पुरेत. पिलू शांत असतानाच त्याला परत ठेवायचे.

रेल्वेच्या फलाटावरची कबुतरे गाडीच्या भोंग्याने उडत नाहीत, हे तुम्ही पाहिले असेल. जो इशारा वारंवार येतो आणि ज्यातून अपाय होत नाही, त्याला प्राणी उत्तर देईनासा होतो. यालाच सरावणे म्हणतात. कॉटनमाउथसुद्धा सरावतो! बंदिवासातल्या सापांना दिवसामागून दिवस तोच अनुभव दिला तेव्हा त्यांचा प्रतिकार उतरत गेला, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. अर्थात विषारी सापाच्या बाबतीत ‘उतरला’ म्हणजे ‘संपला’ नव्हे, हे विसरणाऱ्याची गाठ विषाशी असते. माझ्या मते ‘माणसाळणे’ हा शब्दच सापाला जरा मोठा पडतो. कुत्रा मालकाकडे धावत येतो. साप फक्त त्याला भिण्याचे सोडतो.

काही आठवड्यांनी लंडनच्या त्या मुलीच्या हातावर पिलू जीभ लवलवत, आरामात फिरू लागेल. तरीही दोन प्रसंगी सावध राहावे लागते. उंदराचा वास लागलेला हात सापाला उंदीरच वाटतो. असा चावा भीतीचा नव्हे, भुकेचा असतो. म्हणून हात आधी धुवायचे. साप हाताळून झाल्यावरही धुवायचेच, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला हे रोगजंतू असू शकतात. जेवणानंतर दोन दिवस सापाला उचलायचे नाही, नाहीतर तो गिळलेला उंदीर ओकून टाकतो.

दुसरा प्रसंग कात टाकण्याचा. त्याआधी काही दिवस सापाचे डोळे निळसर दुधाळ होतात आणि त्याला नीट दिसत नाही. कालपर्यंत मनगटावर निवांत बसणारा साप त्या दिवसांत पुन्हा फुत्कारतो, झेपावतो. मग झाकण लावून त्याला त्याच्या खोप्यात राहू द्यायचे. कात पडली की डोळे स्वच्छ होतात, आणि बहुतेक वेळा साप पूर्वीसारखाच हातावर येतो.