चूक पोटात घालणारी फिल्म

दहिवलीच्या एका मास्तरांना माळ्यावर वडिलांचा जुना कॅमेरा सापडला. पुसून बटण दाबले, तर शटर चालू! मास्तर मला विचारू लागले, "आता यात फिल्म कोणती घालू?"

मंडळी, प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. मोबाइलवर शंभर फोटो काढून नव्याण्णव पुसता येतात. इथे एका रोलात ३६ चित्रे, आणि रोल धुवून होईपर्यंत काय उमटले ते कळत नाही. त्यात फिल्म परदेशातून येते, महाग पडते. एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्समध्ये 'इंदू' फिल्म निघत असे. तो कारखाना आता बंद आहे. (घरात इंदूचा जुना रोल सापडलाच तर आठवण म्हणून जपा, त्यावर शिकायला जाऊ नका.)

तेव्हा नवशिक्याने चूक पोटात घालणारी फिल्म घ्यावी. चारशे वेगाची, जुन्या घडणीची कृष्णधवल: इलफर्डची एचपी फाइव्ह प्लस, नाहीतर कोडॅकची ट्राय-एक्स. ही ट्राय-एक्स ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांसाठी १९५४ साली आली, ती अजून निघते.

चूक पोटात घालते म्हणजे काय? फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. मोठ्या कणांना थोडा उजेड पुरतो, बारकांना जास्त लागतो. या फिल्ममध्ये लहानमोठे सगळे मिसळलेले असतात. आपला शेतकरी नाही का थोडा हळवा भात लावतो, थोडा गरवा? कर्जतच्या संशोधन केंद्राचा कर्जत-३ हळवा, कर्जत-२ गरवा. पाऊस लवकर गेला तर हळवा हाती लागतो; लांबला तर गरवा उभा असतो. सगळे शेत काही जात नाही. तसेच इथे. उजेड कमीजास्त झाला तरी चित्र पदरात पडते.

मात्र ही क्षमा दोन्ही बाजूंना सारखी नाही बरं का. उजेड दोन-तीन स्टॉप जास्त झाला तरी निगेटिव्ह काळीभोर होते, पण तिच्यातून चित्र निघते. कमी पडला तर एखादा स्टॉप चालतो, पुढे नाही. सावलीतला चेहरा फिल्मवर उमटलाच नसेल, तर धुताना कितीही खटपट केली तरी तो येणार कुठून? मनात शंका आली की छिद्र एक घर मोठे करावे.

हे मी महागात शिकलो. आषाढातली दुपार, आजी पडवीत तांदूळ निवडत बसलेली. माझ्या कॅमेऱ्यात पन्नास वेगाची फिल्म होती. बारीक कणांची, सुबक म्हणून हौसेने आणलेली. छिद्र पूर्ण उघडले. हात हलेल म्हणून शटर एकसाठांशाच्या खाली नेले नाही. रोल धुतला तेव्हा सूप दिसले, पांढरे केस दिसले, चेहऱ्याच्या जागी काही नाही. चारशेची फिल्म आठपट वेगवान. त्याच शटरला, त्याच छिद्राला चेहरा आला असता. पुढच्या आषाढाला आजी नव्हती.

आपल्याकडचा उजेडही लहरी. उल्हास नदीच्या काठी मे महिन्यात डोळे दिपतात आणि कोंढाण्याच्या लेण्यात पाऊल टाकले की अंधार. कडक उन्हात चारशेच्या फिल्मला छिद्र सोळा, शटर एकपाचशांश. जुन्या कॅमेऱ्याचे शटर एकअडीचशांशापर्यंतच जात असेल, तर उजेड एक स्टॉप जास्त होईल, होऊ द्या. आंब्याच्या सावलीत छिद्र पाच-सहा.

आता धुण्याचे. पुस्तकात पाण्याची उष्णता २० अंश लिहिलेली असते. एप्रिलात आपल्या नळाला तेवढे थंड पाणी कुठले? माठातले पाणी घ्यावे, भांडे बर्फाच्या परातीत ठेवावे. एचपी फाइव्हला आयडी-इलेव्हन हे औषध पातळ न करता वापरले तर २० अंशांना साडेसात मिनिटे लागतात, २४ अंशांना सुमारे सव्वापाच. पाच मिनिटांखाली जाऊ नये, डाग पडतात. शेवटी धुवायचे पाणीही त्याच उष्णतेचे हवे. टी-मॅक्ससारख्या नव्या घडणीच्या, चपट्या कणांच्या फिल्मचे चित्र अधिक रेखीव येते, पण वेळ आणि उष्णता यांत त्या फार काटेकोर. त्या मागाहून.

आणि दर रोलाला फिल्म बदलू नका. पाच-सहा रोल एकाच फिल्मचे काढा, प्रत्येक चित्राचे छिद्र, शटर आणि आभाळ कसे होते ते वहीत टिपा. नाहीतर बिघडले ते आपल्या हाताने की फिल्मने, हे कळायचे नाही.

मास्तरांनी एचपी फाइव्ह घातली आहे. तेवीस चित्रे झालीत. उरलेली तेरा शाळेच्या सहलीसाठी राखून ठेवली आहेत.