मिठाचं दाखवलं, गवताचं राहिलं

४ एप्रिल २०२५ रोजी मनोजकुमार गेले. आमच्या खामगावच्या शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर सकाळीच बातमी आली आणि दुपारपर्यंत तिथं त्यांच्या ‘क्रांती’च्या तुकड्यांचा ढीग पडला. एकेक तुकडा अर्ध्या मिनिटाचा. पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो सिनेमा माझ्या शेजारी पोत्यावर बसून पाहिलेला, तरी आता त्यांनाही अख्खा नको होता.

स्वातंत्र्यलढ्याच्या सिनेमाचं आपलं खातं जुनं आहे. १९२१ च्या ‘भक्त विदुर’मधला विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून मद्रासेत बंदी आली. १९३० मध्ये शांतारामबापूंच्या ‘स्वराज्य तोरण’ला नावातल्या ‘स्वराज्या’पायी ‘उदयकाल’ व्हावं लागलं. १९४८ चा राम गबाल्यांचा ‘वंदे मातरम्’ आला, त्यात पु. ल. आणि सुनीताबाई. १९६५ चा मनोजकुमारांचा ‘शहीद’. मधल्या वर्षांत बरंच काही निघालं. शाळेत पंधरा ऑगस्टला पडदा लावून त्यातलं जे दाखवत, त्यानं मला फक्त झोप आली.

माझं खातं उघडतं १९८१ ला, ‘क्रांती’पासून. जत्रेतला तंबू, मध्ये कनात, अलीकडे पुरुष, पलीकडे बाया. प्रोजेक्टर मध्येच बंद पडायचा आणि अंधारात शिट्ट्या सुरू व्हायच्या. दिलीपकुमार होते, सलीम-जावेदची कथा होती, इतिहासाचा मात्र पत्ता नव्हता. पण इंग्रज पडला की अख्खा तंबू उठून उभा राहायचा. तसं उठणं मी पुढे कुठल्या थिएटरात पाहिलं नाही.

मग १९८३ ला ‘गांधी’ आला, हिंदीतला. बेन किंग्जलींच्या तोंडी आवाज पंकज कपूरांचा. गोखले झालेले डॉ. लागू आणि कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी दिसल्या की आपली माणसं पाहिल्याचा आनंद व्हायचा. कपड्यांसाठी ऑस्कर मिळालं कोल्हापूरच्या भानू अथय्यांना. मेहकरकडून आबा, म्हणजे माझे आजोबा, एसटीनं मुद्दाम आले होते. दांडीला गांधीजी वाकले, मीठ उचललं. थिएटर चिडीचूप. आबा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, “अन् आमचं गवत काऊन नाई दाखोलं?”

तेव्हा मला कळलंच नाही. वऱ्हाडाला समुद्र नाही, मीठ उचलणार कुठून? इथं सरकारनं बांधून ठेवलं होतं ते जंगल: चराई, सरपण, गवत. १० जुलै १९३० ला पुसदला बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला, अटक करून घेतली, आणि त्या पावसाळ्यात वऱ्हाडभर विळे निघाले. त्यातला एक आबांचा. हे त्यांनी त्या रात्री परतीच्या वाटेवर, बिडी ओढत, पहिल्यांदा सांगितलं. सिनेमानं एवढं तरी केलं.

कॉलेजात एक मास्तर होते. गोऱ्यानं काढलेला गांधी आपण का पाहावा, असं ते वर्गात तासभर बोलले. स्वतः सिनेमा पाहिला नव्हता, हे नंतर कळलं. तो राग मी चाळीस वर्षं सांभाळला आहे. त्यांचं एक म्हणणं मात्र आता पटतं: तीन तासांहून लांब सिनेमा, आणि त्यात बाबासाहेब नाहीत.

‘२२ जून १८९७’ आमच्याकडे आलाच नाही. जयू आणि नचिकेत पटवर्धनांचा हा १९७९ चा सिनेमा मी नागपूरला शिकायला गेल्यावर, एका हॉलमध्ये घडीच्या खुर्चीवर बसून पाहिला. पुण्यातला प्लेग, घरात घुसणारे सोजीर, रँडचा खून, आणि चाफेकरांचा कर्मठपणाही झाकलेला नाही. कुणी उठून उभं राहिलं नाही. बाहेर पडल्यावर मात्र आम्ही पाच जण पहाटेपर्यंत भांडलो. माझ्या मते असा सिनेमा मराठी माणसाच्या हातून पुन्हा झाला नाही. १९८८ ला ‘भारत एक खोज’ संपूर्ण पाहण्यासाठी शेजाऱ्याचा टीव्ही आम्ही वर्गणीनं दुरुस्त केला, आणि माझ्यापुरतं ते दशक संपलं.

पुढचं सगळं घाईत. सुधीर फडक्यांनी लोकवर्गणीतून ‘वीर सावरकर’ २००१ मध्ये पूर्ण केला. त्या जिद्दीपुढे मान झुकते, सिनेमापुढे थोडी कमी. ७ जून २००२ ला एकाच शुक्रवारी भगतसिंगांवरचे दोन सिनेमे लागले. २०१५ चा ‘लोकमान्य’ सुबोध भावेंसाठी पाहिला. आणि अलीकडचे पाहताना जाणवतं ते असं: इंग्रज खलनायक राहिलेलाच नाही. खलनायक म्हणजे शाळेच्या भिंतीवरच्या दुसऱ्या फोटोतला पुढारी. कुणाला मोठं करायचं तर शेजारच्याला खुजं करायचं. आणि गर्दी? ‘गांधी’च्या अंत्ययात्रेला सुमारे तीन लाख माणसं खरोखर उभी होती. आता ती संगणकातून येतात, म्हणून त्यात आबांसारखा कुणी नसतो.

आमचं थिएटर मंगल कार्यालय झालंय. गेल्या पावसाळ्यात नातवाला घेऊन बोथ्याच्या जंगलातून बुलढाण्याला निघालो होतो. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत. एका पाटीपाशी गाडी थांबवून त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. गुरं चारण्यास व गवत कापण्यास मनाई आहे.

“मग?” तो म्हणाला.

मी गाडी सुरू केली.