सापाच्या तोंडून निसटणारी पिल्लं

पाण्यावर झुकलेल्या पानाला चाळीसेक अंडी चिकटलेली आहेत. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक, आणि प्रत्येकात वळवळणारा एक जीव. फांदीवरून बारीक अंगाचा एक साप सरकत येतो आणि पुंजक्याचा लचका तोडतो. तो चिकट गर चावून ओढत असतानाच उरलेल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतात आणि टपाटप खालच्या पाण्यात कोसळतात. खरं तर अजून दोन-तीन दिवस ती अंड्यातच राहायची होती.

ही पिल्लं लाल डोळ्यांच्या झाडबेडकाची. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलांत तो राहतो. एडवर्ड कोप यांनी 1862 साली शास्त्रीय जगाला त्याची ओळख करून दिली. नर जेमतेम 5 सेंटिमीटरचा, मादी 7 सेंटिमीटरच्या आसपास. कॅलेंडरांवर आणि पोस्टरांवर झळकणारा हिरवागार, नारिंगी पायांचा बेडूक तो हाच. पण त्याच्या रंगांहून त्याच्या अंड्यांची गोष्ट कितीतरी थक्क करणारी आहे.

दिवसा हा बेडूक पानावर झोपतो. पाय पोटाशी घेतो, कुशीवरचे निळे-पिवळे पट्टे झाकून टाकतो, डोळे मिटतो. मग उरतो तो फक्त पानावरचा एक हिरवा फुगवटा. मिटलेल्या डोळ्यांवर सोनेरी जाळीची पारदर्शक पापणी असते, त्यामुळे प्रकाश आत जातो. कुणी डिवचलंच तर ते लालभडक डोळे एकदम उघडतात. त्या रंगानं शत्रू क्षणभर दचकतो आणि बेडकाला उडी मारायला वेळ मिळतो, असं मानलं जातं.

पावसाळ्याच्या रात्री नर डबक्याकाठच्या फांद्यांवर बसून मादीला साद घालतात. जागेवरून दोन नरांचं वाजलं, तर भांडण आवाजावर भागत नाही. नर मागचे पाय ताणून अंग उचलतो आणि ढुंगण झपाझप हलवून फांदीच थरथरवतो. हे हादरे प्रतिस्पर्ध्याला फांदीतून जाणवतात, हे पनामातल्या प्रयोगांत सिद्ध झालं आणि 2010 मध्ये प्रसिद्धही झालं. हादऱ्यांची ही जाण या जातीत किती खोलवर आहे, ते पुढे कळेलच.

जोडी जमली की नर मादीच्या पाठीवर बसतो. मादी त्याला घेऊन आधी खाली पाण्यात उतरते आणि पोटाच्या त्वचेतून मूत्राशयात पाणी भरून घेते. मग पुन्हा वर चढून पानावर अंडी घालते. त्या पाण्यानं अंड्यांभोवतीचा गर फुगतो. आणखी एक पुंजका घालायचा असेल, तर पुन्हा पाण्यापर्यंतची फेरी, तीही नराला पाठीवर घेऊनच!

कुणी त्रास दिला नाही, तर सहा-सात दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. पण जीवशास्त्रज्ञ कॅरन वॉरकेंटिन यांनी कोस्टा रिकातल्या कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात पाहिलं, की सापानं हल्ला केला तर हीच पिल्लं कितीतरी आधी अंड्यातून सुटतात. 1995 साली त्यांनी हे निष्कर्ष मांडले. मग सगळीच पिल्लं लवकर का येत नाहीत? कारण खाली झिंगे आणि मासे टपलेलेच असतात, आणि अपुऱ्या वाढीची पिल्लं त्यांच्या तावडीत सहज सापडतात. अंड्यात राहावं तर साप, बाहेर पडावं तर मासे. हा हिशेब अजून जन्मही न झालेला जीव करतो!

पुढचे प्रयोग आणखी बारीक होते. सापाचे हादरे आणि पावसाचे हादरे नोंदवून ते अंड्यांना ऐकवले, तेव्हा सापाच्या हादऱ्यांना पिल्लं जास्त प्रमाणात बाहेर आली. हादऱ्यांची लय बदलली की त्यांचा प्रतिसादही बदलला. पावसाला घाबरून पळालं तर प्रत्येक सर जिवावर बेतेल, म्हणून हा फरक ओळखणं भागच आहे. गांधीलमाशी मात्र एकेक अंडं उचलते. तेव्हा सगळा पुंजका पळत नाही, छेडलेलं अंडं आणि फार तर त्याचे शेजारी तेवढे सुटतात. बुरशी लागली तरी पिल्लं लवकर निघतात.

हे सगळं घडतं कसं? पिल्लाच्या नाकाडावर सूक्ष्म ग्रंथी असतात. धोका जाणवला की त्यांतून विकर स्रवतं, अंड्याच्या आवरणाला भोक पडतं आणि पिल्लू वळवळत त्यातून बाहेर येतं. मिनिटभराच्या आत काम फत्ते. हादरे टिपण्याचं काम मुख्यतः आतल्या कानातले तोल सांभाळणारे अवयव करतात. सुमारे चौथ्या दिवशी ते काम करू लागतात, आणि सापापासून पळणंही साधारण तेव्हाच सुरू होतं.

पाण्यावरच्या पानात संसार थाटण्याची युक्ती आपल्याकडेही आहे. आंबोलीच्या पावसात मलबार उडता बेडूक डबक्यावरच्या पानांत फेसाचं घरटं करतो, आणि त्याचे बेडूकमासेही खाली पाण्यातच पडतात. दोघांची कुळं वेगळी. ही युक्ती दोघांना स्वतंत्रपणे साधली.

लाल डोळ्यांचा बेडूक आज संकटग्रस्त मानला जात नाही. पण त्याचा भाऊबंद लेमूर पर्णबेडूक अतिसंकटग्रस्त आहे. बेडकांच्या त्वचेला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीनं मध्य अमेरिकेतली कितीतरी जंगलं मुकी केली. पाळण्यासाठी होणाऱ्या व्यापारामुळे 2010 मध्ये लाल डोळ्यांच्या बेडकाच्या अख्ख्या प्रजातीवर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानं निर्बंध आणले. व्यापारावर कागदोपत्री लक्ष ठेवता येतं. डबक्याकाठची झाडं राखायची तर मात्र तिथे जाऊनच राखावी लागतात, कारण या बेडकाला वर पान आणि खाली पाणी, दोन्ही एकाच जागी हवं.