सहवास हवा, सलगी नको

मराठी मुलाचा पक्ष्यांशी पहिला परिचय होतो तो जेवणाच्या ताटावर. वरणभात कालवून आई एक घास काऊच्या नावाने भरवते, दुसरा चिऊच्या. बिदर आणि कलबुर्गी या आमच्या सीमाभागात भिंतीपलीकडच्या कानडी घरात हेच दोघे कागक्का आणि गुब्बक्का होऊन येतात. भाषा दोन, पाखरे मात्र तीच. बाळाला पूरक आहार कसा सुरू करावा, हे मातांना समजावून सांगताना माझ्या औषधांपेक्षा या दोन पक्ष्यांनीच मला अधिक साथ दिली, असे मी गमतीने नव्हे तर अनुभवाने म्हणतो.

या काऊचिऊंपैकी काऊवर जानेवारी २०२५ मध्ये संकट कोसळले. आपल्या सीमेला लागून असलेल्या उदगीर शहरात, उद्यानांच्या परिसरात कावळे पटापट मरून पडू लागले. पन्नासहून अधिक कावळे दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचा, म्हणजे एच५एन१ विषाणूचा निर्वाळा दिला आणि दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. उदगीर आम्हांला परके नाही. बिदर-भालकीकडच्या कित्येक घरांची सोयरीक तिकडची. साहजिकच बातमीमागोमाग भीतीही आली. "डॉक्टरसाहेब, लेकराला बागेत न्यावं का नको?" असे आईवडील विचारू लागले. "दारातलं लिंबाचं झाडच काढून टाकावं म्हणते, कावळे बसतात त्याच्यावर," असे एका आजीबाईंनी सांगितले. गंमत अशी, की त्याच आठवड्यात एक सद्गृहस्थ नातवाचा जुना खोकला दाखवायला आले होते. ते रोज पहाटे गच्चीवर पारव्यांना पायलीभर ज्वारी टाकत. एकीकडे भय आणि दुसरीकडे भूतदया! या दोहोंच्या मधली वाट कोणती, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपला हा प्रदेश पाखरांच्या दृष्टीने मुळीच दरिद्री नाही. बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्या काळी, १९३१-३२ साली, डॉ. सालिम अली यांनी या संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली. पुढे जगन्मान्य झालेल्या या पक्षितज्ज्ञाच्या प्रादेशिक पाहण्यांपैकी ती अगदी आरंभीची. रानावनातच कशाला, बिदरच्या पश्चिमेकडील बरीदशाही उद्यानात किंवा कलबुर्गीच्या शरणबसवेश्वर तलावाच्या काठी सकाळी अर्धा तास उभे राहावे. बुलबुल, साळुंकी, होला, वेडा राघू, तांबट, शिंपी, सूर्यपक्षी अशी दहा-बारा नावे सहज जमतात. पुष्कळदा घराच्या परसातसुद्धा एवढी मंडळी हजेरी लावून जातात. त्यांची दखल घ्यायला आपल्यालाच सवड नसते.

चिमणी कमी झाली, ही तक्रार मात्र सर्वत्र ऐकू येते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पक्षी-अहवालात चिमण्यांची संख्या एकंदर देशात बरीचशी स्थिर, पण महानगरांत घटलेली आढळली. आपली शहरे महानगरे नाहीत, पण वाट तीच धरली आहे. पूर्वीच्या माळवदाच्या घरात तुळया आणि सरांच्या फटी म्हणजे चिमण्यांची बाळंतिणीची खोलीच असे. स्लॅबच्या गुळगुळीत घरात तिला शिरायला फट नाही. अंगणात फरशी आली, कुंपणाची मेंदी जाऊन लोखंडी जाळी आली आणि उरलेल्या गवतावर कीटकनाशकाचा फवारा आला.

येथे बालरोगतज्ज्ञाच्या नजरेने एक गोष्ट सांगितली पाहिजे. चिमणी दाणे खाते, पण तिचे पिलू दाण्यांवर वाढत नाही. घरट्यातल्या दोन आठवड्यांत त्याला प्रथिने लागतात आणि ती अळ्या, नाकतोडे, कोळी अशा जिवांतून मिळतात. कीटकच नसतील, तर अंगणात ज्वारीची रास ओतली तरी पिलू उपाशीच. पारव्याचे गणित निराळे आहे. पारव्याची मादी आणि नर, दोघांच्याही अन्नपिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा दाट स्राव तयार होतो आणि पहिल्या आठवड्यात पिलाचे पोषण त्यावरच होते. याला चक्क 'पारव्याचे दूध' म्हणतात. त्यामागे काम करणारे संप्रेरक तेच, जे मातेच्या स्तन्यामागे असते : प्रोलॅक्टिन! म्हणजे आईबापांना दाणे मिळाले, की पिलांचीही सोय झाली. म्हणूनच पारव्याची वीण जवळजवळ बारमाही चालते आणि गच्चीवर टाकलेल्या प्रत्येक मूठभर ज्वारीचे रूपांतर आणखी पारव्यांत होते. २०२३ च्या पक्षी-अहवालातही पारव्यांची संख्या वाढती असल्याचे दिसून आले. आपण दाणे टाकतो ते चिमणीच्या आठवणीने. त्यावर वाढतात मात्र पारवे.

वाढले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते फुप्फुसात. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासावाटे दीर्घकाळ जात राहिली, तर काही व्यक्तींच्या फुप्फुसाला अॅलर्जीजन्य सूज येते. तिचे नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. वेळीच कारण दूर केले नाही, तर फुप्फुस कायमचे घट्ट होत जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणी-अभ्यासात १९ शहरांतील १०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांत फुप्फुसाच्या आंतरपेशीय विकाराचे कारण हेच आढळले. त्यांतील बऱ्याच जणांच्या घरी बुरशी धरलेले एअर कूलर होते आणि पक्ष्यांच्या सान्निध्याचा इतिहासही अनेकांत होता. ज्या कलबुर्गीत एप्रिल-मेमध्ये कूलरवाचून झोप लागत नाही आणि ज्या खिडकीत कूलर त्याच खिडकीच्या छज्जावर पारव्यांचे घरटे, तेथे हा अभ्यास आपल्यासाठीच लिहिला आहे असे समजावे. २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांवरून वाद उसळला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. आपल्याकडे तशी वेळ येण्याची वाट कशाला पाहावी? मुलांत हा आजार विरळ खरा, पण खोकला महिनोन्‌महिने हटत नसेल, तर "घरी कूलर कोठे आहे? पारवे कोठे बसतात?" हे दोन प्रश्न आपण वैद्यकांनी विचारलेच पाहिजेत.

आता बर्ड फ्लूविषयी. भय निराधार नाही, पण त्याला योग्य जागी ठेवले पाहिजे. या विषाणूने आपल्या देशात माणूस दगावल्याची पहिली निश्चित नोंद जुलै २०२१ मधली. तो हरियाणातील अकरा वर्षांचा मुलगा होता. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची मुलगी दगावली; तिच्या तोंडात कोंबडीचे कच्चे मांस गेल्याचे सांगण्यात आले. दोन्ही बालकेच, म्हणून बालरोगतज्ज्ञाला हा विषय दुर्लक्षिता येत नाही. तथापि संसर्ग होतो तो प्रामुख्याने आजारी वा मृत पक्ष्यांच्या निकट संपर्काने. झाडावर बसलेल्या कावळ्याकडे पाहिल्याने नव्हे, बागेत खेळल्यानेही नव्हे. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये, मुलांना लावू देऊ नये आणि पशुवैद्यकीय खात्याला कळवावे. अशा संपर्कानंतर आठ-दहा दिवसांत ताप-खोकला झाल्यास डॉक्टरांना तो संपर्क आवर्जून सांगावा. मांस, अंडी पूर्ण शिजवूनच खावीत. एवढे पाळले तर त्या आजीबाईंचे लिंब निर्धास्त उभे राहू शकते. शिवाय झाड तोडून कावळा संपत नाही. आणि तो खरोखरच संपला, तर वसंतात ज्या कोकिळेची आपण वाट पाहतो, तिच्या पिलांची धात्रीच गेली. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्याच घरट्यात घालते, हे आपण शाळेत शिकलोच आहोत.

मग करावे काय? माझे उत्तर थोडक्यात असे : दाणे टाकू नयेत, झाडे लावावीत. जागा असेल तेथे लिंब, उंबर, शेवगा, सीताफळ. जागा नसेल तेथे कुंडीत अडुळसा आणि जास्वंद. लिंबोळ्यांवर बुलबुल येतो, उंबरावर तांबट, अडुळशाच्या फुलांवर सूर्यपक्षी. एक कोपरा तणांना मोकळा सोडावा आणि त्यावर फवारा मारू नये. चिमणीच्या पिलांचे जेवण तेथेच शिजते. चिमणीसाठी लाकडी पेटी टांगायची तर दाराचे भोक सव्वा इंचाचेच ठेवावे, म्हणजे साळुंकीला आत शिरता येत नाही.

उन्हाळ्यात पाणी अवश्य ठेवावे, पण उथळ पसरट भांड्यात आणि रोज बदलून. भांडे घासावेही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने जगतात. पुण्याच्या भांड्यातून डेंग्यू घरात येऊ नये! पारव्यांची विष्ठा कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, नाकातोंडाला मास्क लावून काढावी आणि तेव्हा मुलांना दूर ठेवावे. छज्जाला जाळी लावावी, तीही घरटे रिकामे असताना.

खाली पडलेले पिलू मुले ओंजळीत घेऊन येतात. पिसे फुटलेली असतील तर त्याला जवळच्या फांदीवर ठेवून आपण बाजूला व्हावे. आईबाप आसपासच असतात. चोचीत दूध वा पाणी ओतू नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते. बाळाला आडवे निजवून दूध पाजू नका असे आपण मातांना सांगतो, त्यातलाच हा प्रकार. नंतर मुलांचे हात साबणाने धुवावेत. पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही त्यांना याच वयात सांगावे.

एवढी सावधगिरी बाळगूनही हा सहवास हवाच का? हवा. मोबाइलच्या पडद्यावर खिळलेली नजर वीस-पंचवीस फुटांवरच्या फांदीवर स्थिर करणे, गप्प राहून ऐकणे, वाट पाहणे हे मुलांना पाखरांइतके सहज कोणीच शिकवीत नाही. शेजारच्या सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात आयुष्य घालवून मराठीला 'पक्षिकोश' देऊन गेले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले. त्यांनी जपलेली पाखरांची नावे पुढच्या पिढीच्या तोंडी राहावीत, असे वाटत असेल तर पाखरे तिच्या नजरेसमोर राहिली पाहिजेत.

आमच्या व्यवसायबंधूंना एक विनंती. आपापल्या दवाखान्याच्या आवारात एक लिंब किंवा उंबर लावावा आणि प्रतीक्षा-कक्षातील एक बाक त्याच्याकडे तोंड करून ठेवावा. इंजेक्शनच्या भीतीने रडणाऱ्या मुलाला दाखवायला काऊ-चिऊ तेथे असतील.